हॉस्पिस निवडताना काय विचारायचं, काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने

डॉक्टर एक दिवस म्हणतात, आता घरी घेऊन जा, करण्यासारखं काही राहिलेलं नाही. आणि मग पुढच्या दोन दिवसांत घरातले लोक मोबाईलवर शोधून जी जागा पहिली दिसेल तिथे ॲडव्हान्स भरून टाकतात. मी हे दोनदा जवळून बघितलंय, आधी बाबांच्या वेळी (जबड्याचा कॅन्सर) आणि नंतर सासूबाईंच्या वेळी (किडन्या गेलेल्या). बाबांच्या वेळी आम्ही आधी पैसे भरले, मग ॲडमिशन केली आणि मग प्रश्न विचारायला लागलो, त्याची शिक्षा बाबांनी अकरा दिवस भोगली. आता ओळखीतल्या कुणाचा फोन आला की तेच चाललेलं दिसतं, म्हणून सगळा क्रम एकदा नीट लिहून काढतेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जागा चांगली की वाईट हे खोलीवरून, एसीवरून, रिसेप्शनवरून कळत नाही. रात्री दोन वाजता पेशंटला कळ आली तर कोण येणार, किती वेळात येणार आणि त्याच्या हातात कुठलं औषध असणार, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं. खालचे सगळे टप्पे याच्याच भोवती आहेत.

टप्पा १: आपण नक्की काय शोधतोय ते ठरवा

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण चार वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात.

हॉस्पिस किंवा पॅलिएटिव्ह केअर सेंटर म्हणजे जिथे आजार बरा करायचा नसून त्रास कमी करायचाय, आणि त्यासाठी शिकलेले डॉक्टर, सिस्टर आणि समुपदेशक आहेत. होम केअर टीम म्हणजे हेच लोक गाडी घेऊन घरी येतात. पेशंट केअर सेंटर म्हणजे बहुतेक वेळा एका बंगल्यात किंवा फ्लॅटमध्ये दहा-पंधरा बेड, मावश्या, आणि दिवसातून एकदा राउंडला येणारे डॉक्टर. आणि ब्युरो म्हणजे बारा किंवा चोवीस तासांसाठी मावशी किंवा अटेंडंट पाठवणारी एजन्सी. शेवटच्या दोन्ही वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, लकव्याच्या पेशंटला अंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं यासाठी त्या लागतात. पण दुखणं आटोक्यात आणणं हे त्यांचं काम नाही आणि बोर्डावर पॅलिएटिव्ह लिहिलं म्हणून ते त्यांना येत नाही.

हे ठरवताना आधी सध्याच्या डॉक्टरांशी अर्धा तास बसा, ओपीडीच्या गर्दीत नाही, वेगळी वेळ मागून. साधारण किती काळ आहे, आठवडे की महिने? पुढे कुठला त्रास वाढेल, दुखणं की दम की रक्तस्राव? आणि पेशंटला स्वतःला कुठे राहायचंय हे त्यांना विचारलंय का? हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे सगळे टाळतात. आम्हीही टाळला होता, आणि बाबांनी नंतर पाटीवर लिहून सांगितलं (बोलता येत नव्हतं तेव्हा) की मला घरीच राहायचं होतं.

*सावधान:* शेवटच्या चार दिवसांसाठी जागा शोधू नका. दुखणं रोजचं झालं, पेशंट दिवसातला बराच वेळ पलंगावर काढायला लागला की शोध सुरू करा, ट्रीटमेंट चालू असली तरी. पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना दाखवलं म्हणजे केमो सोडून दिली असा अर्थ होत नाही, दोन्ही सोबत चालू शकतं.

टप्पा २: फाईल आणि तीन दिवसांची वही

फोन करायच्या आधी हे तयार ठेवा, कारण चांगली जागा पहिल्याच फोनवर हे विचारते:

बायोप्सी रिपोर्ट, शेवटचा स्कॅन, सगळी डिस्चार्ज कार्ड, सध्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी (पेशंटला आता पॅलिएटिव्ह केअरची गरज आहे असं स्पष्ट लिहिलेली), पेशंटचं आणि सोबत राहणाऱ्याचं आधार, आणि चालू औषधांची यादी. यादी म्हणजे नुसती नावं नाही, किती वाजता किती, ते पण.

आणि एक साधी वही. तीन दिवस, दर चार तासांनी, शून्य ते दहामध्ये दुखणं किती ते पेशंटलाच विचारून लिहायचं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. शिवाय झोप किती झाली, शौचाला कधी झाली, काय खाल्लं, उलटी झाली का. हे कंटाळवाणं वाटेल पण सासूबाईंच्या वेळी डॉक्टरांनी ही वही पाच मिनिटं वाचली आणि पहिल्याच दिवशी औषधांच्या वेळा बदलल्या, कारण त्यांना दिसलं की रोज पहाटे तीन-चारला आकडा वर जातोय.

टप्पा ३: यादी बनवा आणि लगेच कमी करा

नावं कुठून मिळवायची? पहिला सोर्स तुमचं कॅन्सर हॉस्पिटल, तिथल्या समाजसेवा विभागात विचारा. परळच्या टाटा हॉस्पिटलला स्वतःचा पॅलिएटिव्ह विभाग आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून चालू आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, आणि गोव्यात लोटलीलाही त्यांचं केंद्र आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह सेंटर १९९७ पासून आहे. ही दोन्ही ठिकाणं मुख्यतः कॅन्सरच्या पेशंटसाठी आहेत आणि पैसे घेत नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी असाल तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा, २०१२ पासून पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्याखाली काही जिल्ह्यांत कक्ष सुरू झालेत. तिरुअनंतपुरमच्या पॅलियम इंडिया या संस्थेकडे देशभरातल्या केंद्रांची यादी असते, ती पण बघा.

फुकट आहे म्हणजे दर्जा कमी असेल असं समजून लोक ही नावं आधीच खोडतात, ही मोठी चूक आहे. आपल्याकडे या क्षेत्रातलं सगळ्यात जुनं आणि अनुभवी काम ट्रस्टच्याच जागांमध्ये झालंय.

आता फोन. हे प्रश्न याच क्रमाने विचारा, म्हणजे नको त्या जागा दोन मिनिटांत गळतील:

१. आमच्या आजाराचा पेशंट घेता का? (किडनी, दमा, लकवा, स्मृतिभ्रंश असेल तर पुष्कळ ठिकाणी नाही म्हणतात. सासूबाईंच्या वेळी पाच फोन इथेच संपले.)
२. मॉर्फिनच्या (तीव्र दुखण्यावरचं औषध) गोळ्या तुमच्याकडे असतात का?
३. रात्री डॉक्टर जागेवर असतात की फोनवर? फोनवर असतील तर किती वेळात पोचतात?
४. सोबत नातेवाईक राहावाच लागतो का, की राहूच देत नाहीत?
५. किती दिवस ठेवता? त्रास आटोक्यात आला की घरी पाठवता का, आणि घरी पाठवल्यावर कोण बघतं?
६. पैसे किती, आणि त्यात काय धरलेलं नाही?

*तपासा:* दुसऱ्या प्रश्नावर "मॉर्फिन कशाला, आम्ही ट्रामाडोलवरच मॅनेज करतो" (हे मॉर्फिनपेक्षा हलकं औषध) किंवा "गरज लागली तर बाहेरून आणून द्या" असं उत्तर आलं आणि तुमचा पेशंट कॅन्सरचा असेल, तर ती जागा तिथेच खोडा. बाकी कितीही चांगली असू दे.

टप्पा ४: मॉर्फिनबद्दल नीट विचारा

हा टप्पा वेगळा काढला कारण आमची खरी चूक इथे झाली. बाबांना ज्या पहिल्या जागी ठेवलं तिथे स्वच्छता होती, जेवण होतं, लोक गोड बोलायचे. पण तीव्र दुखण्याचं औषधच नव्हतं. रात्री कळ आली की सिस्टर पॅरासिटामॉलची बाटली लावायची आणि म्हणायची सकाळी सर येतील.

२०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात बदल झाला आणि मॉर्फिनसारखी गरजेची औषधं ठेवायला हॉस्पिटलना पूर्वीसारखे अनेक परवाने लागत नाहीत. राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यताप्राप्त संस्था म्हणून एकच मान्यता घ्यावी लागते. म्हणजे "कायद्यामुळे ठेवता येत नाही" हे उत्तर आता चालत नाही. सरळ विचारा, तुमच्याकडे ही मान्यता आहे का.

मग पुढचे प्रश्न. साधी गोळी असेल तर वेळ बघून देता की दुखलं की देता? (साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ बघून द्यायची असते, पेशंट ओरडेपर्यंत थांबून नाही.) मधेच कळ उसळली तर जादा डोस चार्टवर आधीच लिहिलेला असतो का, की सिस्टरला दर वेळी डॉक्टरांना फोन लावावा लागतो? पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत सुरू करता का? मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच, आणि हे जर त्यांनी स्वतःहून सांगितलं तर समजा समोरच्याला काम येतं. गिळता येत नसेल तर काय करता? इथे कातडीखाली बारीक सुई ठेवून औषध देतो असं काहीतरी उत्तर यायला हवं.

आणि आपल्या घरातली भीती पण आधी काढा. मॉर्फिन दिलं म्हणजे संपलं, सवय लागेल, श्वास थांबेल, असं कुणीतरी काका-मामा हमखास म्हणतात. जाणकार डॉक्टरने थोड्या डोसपासून हळूहळू वाढवत दिलं तर माणूस त्याने लवकर जात नाही. सुरुवातीचे काही दिवस गुंगी आणि मळमळ वाटू शकते, ती बहुतेकांची कमी होते. किडनी खराब असेल तर डॉक्टर डोस किंवा औषधच बदलतात, म्हणून रिपोर्ट सोबत हवेत.

*सावधान:* डोस स्वतःच्या मनाने वाढवू किंवा थांबवू नका, आणि उरलेल्या गोळ्या घरात पडू देऊ नका, सेंटरला परत करा.

टप्पा ५: दोनदा जाऊन या, एकदा न सांगता

पहिली भेट ठरवून, डॉक्टरांना भेटायला. दुसरी न कळवता, संध्याकाळी सात-आठच्या सुमारास, दिवसाची माणसं गेल्यावर. बहुतेक लोक फक्त सकाळी अकराला जातात आणि सगळं छान दिसतं. आत सोडताना कुरकुर झाली तर वॉर्डच्या दारातून बघितलं तरी पुष्कळ कळतं, दुसऱ्यांच्या पेशंटचा मान ठेवून.

काय बघायचं ते सांगते.

बेल बघा. आमच्या त्या पहिल्या जागी प्रत्येक बेडला बेल होती, पण बाबांच्या बेलची वायर गुंडाळून मागच्या भिंतीच्या खिळ्याला अडकवलेली होती, उठून उभं राहिल्याशिवाय हात पोचणार नाही अशी. आम्हाला ते चौथ्या दिवशी दिसलं. तेव्हापासून मी कुठेही गेले तरी आधी बेल कुठे लटकतेय ते बघते.

तोंड बघा. झोपून असलेल्या पेशंटचे ओठ भेगाळलेत का, जिभेवर पांढरा थर आहे का. तोंडाची निगा ही कुणाला दाखवायला केली जात नाही, त्यामुळे तिथे खरं कळतं. चांगल्या जागी मला एक सिस्टर दिसली, बोटाला गॉझ गुंडाळून, पाण्यात बुडवून एका आजींच्या हिरड्या हळूहळू पुसत होती आणि प्रत्येक वेळी आधी सांगत होती, आजी, आता डावीकडून हं. आजी डोळे पण उघडत नव्हत्या. मी तिथेच ठरवलं.

वास. इथे घाई करू नका. जखमेचा वास येणं हा दर्जा खराब असल्याचा पुरावा नाही, तोंडाच्या कॅन्सरची उघडी जखम वास मारतेच. त्यावर काय करतात ते विचारा. पहिल्या जागी बाबांच्या खोलीत रूम फ्रेशनर मारायचे. दुसऱ्या जागी ड्रेसिंग करताना जखमेवर मेट्रोनिडाझोलची पूड घालायला लागले आणि चार-पाच दिवसांत वास इतका कमी झाला की नातू परत जवळ येऊन बसायला लागला. (हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं, घरी परस्पर करू नका.) मात्र लघवीचा, न बदललेल्या डायपरचा वास सगळीकडे असेल तर तिथे माणसं कमी आहेत हे नक्की.

पाठ. बेडसोर टाळायला कूस कधी बदलता, त्याचा चार्ट दाखवा म्हणा. साधारण दर दोन तासांनी बदलायला हवी. चार्टवर सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात, सरळ खाली उतरलेल्या असतील तर त्या एकदम भरलेल्या आहेत. हवेची गादी आहे म्हणून कूस बदलायची गरज नाही असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे.

माणसं. रात्री किती पेशंटमागे एक सिस्टर, हे दिवसाच्या आकड्यापासून वेगळं विचारा. युनिफॉर्म घातलेली प्रत्येक बाई सिस्टर नसते, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेल्या किती आणि मावश्या किती, ते विचारा. डॉक्टरांनी पॅलिएटिव्हचं काय शिक्षण घेतलंय ते पण विचारायला लाजू नका. यात एमडी करता येतं, आणि ज्यांनी ते केलेलं नाही त्यांच्यासाठी इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा छोटा कोर्स असतो. काहीच नसेल तर दुखण्याचं काम ते अनुभवातून शिकलेत की अंदाजाने करतात हे तुम्हालाच ओळखावं लागेल.

डॉक्टरांच्या भेटीत हे तीन प्रश्न नक्की विचारा:

"पेशंटचं खाणं बंद झालं तर काय करता?" न विचारता नाकातून नळी टाकणारे किंवा रोज सलाईन लावणारे टाळा. शेवटच्या दिवसांत भूक जाणं हा आजाराचाच भाग असतो, आणि चांगले डॉक्टर हे बसून समजावतात, मग तुमचं मत विचारतात.

"अचानक बिघडलं तर?" उत्तर जर "लगेच आयसीयूला हलवू" असं असेल तर ते हॉस्पिस नाही. दम लागला, फिट आली, रक्तस्राव झाला तर तिथल्या तिथे काय देणार हे त्यांना सांगता आलं पाहिजे.

"आम्ही पेशंटला आजार सांगितलेला नाही, तुम्ही काय कराल?" आपल्याकडे ही परिस्थिती घरोघरी असते. चांगली टीम पेशंटच्या अंगावर बातमी टाकत नाही आणि खोटंही बोलत नाही, पेशंटला किती जाणून घ्यायचंय ते हळूहळू काढून घेते आणि घरच्यांशीही बोलते.

शिवाय भेटायच्या वेळा. शेवटच्या दिवशी रात्री-अपरात्री सगळ्यांना येऊ देतात का, लहान मुलांना आत सोडतात का, गंगाजल-तुळस, अभंग लावणं, कुणाला नमाज किंवा प्रार्थना करायची असेल तर अडवत नाहीत ना. हे आधी विचारायला विचित्र वाटतं, पण ऐन वेळी वॉचमनशी भांडायची ताकद कुणात नसते.

टप्पा ६: घरीच ठेवणार असाल तर

मग बेल आणि वॉर्ड बघायची गरज नाही, तीन गोष्टी बघा. टीम किती दिवसांनी येते आणि तुमच्या भागात येते का. मधल्या दिवसांत रात्रीचा फोन कोण उचलतं, फाईल माहीत असलेली सिस्टर की नुसतं कॉल सेंटर. (दिलेल्या नंबरवर एकदा रात्री खरंच फोन लावून बघा, नम्रपणे, आणि खरा प्रश्न असेल तेव्हाच.) आणि ते घरच्यांना शिकवतात का, कूस कशी बदलायची, कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी कशी रिकामी करायची, मधल्या कळेला कुठली गोळी. जी टीम पहिल्या भेटीत घरातल्या दोन माणसांना हाताने करून दाखवते ती टीम चांगली.

टप्पा ७: कागद आणि पैसे

महाराष्ट्रात जिथे पेशंट भरती करून घेतात त्या जागेची नर्सिंग होम म्हणून नोंदणी हवी, आणि दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद समोर लावलेली हवी. विचारा आणि बघा. बिलात रोजचा दर सांगतात पण डायपर, ड्रेसिंग, ऑक्सिजन, हवेची गादी, डॉक्टरांची व्हिजिट बाहेर ठेवतात, तर सात दिवसांचं अंदाजे बिल लिहून मागा. ॲडव्हान्स परत कसा मिळेल ते पण लिहून घ्या. मेडिक्लेम असेल तर ॲडमिशनच्या आधी टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) विचारा, हॉस्पिस आणि होम केअर धरलेलं असेलच असं नाही.

पेशंट शुद्धीत असेल आणि व्हेंटिलेटर नको असं त्यांना वाटत असेल तर तसं लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. सेंटर हा कागद फाईलला लावून घेतं का, विचारा.

टप्पा ८: पहिले तीन दिवस

जागा ठरली तरी तपासणी संपत नाही. वही चालूच ठेवा. पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडा खाली यायला हवा, आणि नाही आला तर डॉक्टरांनी काहीतरी बदललेलं दिसायला हवं. आठवरून चारवर आला तरी ते चांगलं काम आहे, शून्य लगेच होत नाही. पण आकडा तसाच, औषध तेच आणि उत्तर "या आजारात दुखतंच हो" असं असेल तर वाट बघू नका. दुसरी जागा यादीत तयार ठेवलेली असेल तर हलवणं एका दिवसात होतं. आम्ही अकरा दिवस लाजत थांबलो कारण तिथले लोक चांगले होते आणि त्यांना वाईट वाटेल असं आईला वाटत होतं. दुसऱ्या जागी तिसऱ्या रात्री बाबा सलग पाच तास झोपले, आणि आई शेजारच्या खुर्चीवर जागीच बसून राहिली, कारण इतकी शांत झोप बघून तिला भीती वाटत होती.

एक शेवटचं विचारून ठेवा, कारण हे कुणीच विचारत नाही. माणूस घरीच वारला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४-अ, तुमचे डॉक्टर घरी येऊन देतील का, रात्री पण? तो नसेल तर स्मशानात अडतं आणि पोलिसांपर्यंत जावं लागू शकतं. सेंटरमध्ये वारला तर दाखला तेच देतात आणि पालिकेला ते स्वतः कळवतात. घरी असेल तर नोंद २१ दिवसांच्या आत आपल्याला करावी लागते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर, आधार आणि शेवटची फाईल एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवा, आणि ती पिशवी कुठे आहे ते घरातल्या दोघांना सांगून ठेवा.